मुदतीच्या आत: इंटरनेट खुलं ठेवण्यासाठी मुंबईतल्या स्वतंत्र निर्मात्यांनी करायची कामं

लालबागमधल्या आमच्या चाळीत एकादशीला भजन असतं. तीन वर्षांपूर्वी आषाढीच्या आदल्या रात्री मी ते साध्या रेकॉर्डरवर मुद्रित केलं, तुकोबांचा एक अभंग वेगळा काढला आणि माझ्या चॅनलवर टाकला. आवाज मंडळातल्या बायकांचे, पखवाज शेजारच्या काकांचा. दुसऱ्याच दिवशी एका संगीत कंपनीच्या नावानं त्यावर कॉपीराइटचा क्लेम आला. मी चिडले, चार जणींना फोन केले, वकील शोधत बसले आणि हरकत भरली ती नवव्या दिवशी. नंतर कळलं की पाच दिवसांच्या आत भरली असती तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले गेले असते. क्लेम पुढे मागे घेतला गेला, पण त्या आठ-नऊ दिवसांचे पैसे गेले ते गेलेच, आणि आषाढीचा अभंग लोक ऐकतात तो त्याच आठवड्यात. मंडळाला नवे टाळ घ्यायचे होते.

तेव्हापासून मी हा विषय धरून बसले आहे. व्हिडिओ उतरवला जाणं असो, साइट ब्लॉक होणं असो की दिल्लीत एखादा मसुदा तयार होणं असो, प्रत्येक ठिकाणी सामान्य माणसाला बोलायची एक जागा ठेवलेली असते, आणि त्या जागेला मुदत असते. आपण बहुतेक वेळा मुदत संपल्यावर पोहोचतो. खाली जे लिहिलंय ते त्या मुदतींच्या आत काय करायचं, याबद्दल आहे. वकिलीचा सल्ला म्हणून ते घेऊ नका. प्रकरण मोठं असेल तर वकील हवाच, त्याबद्दलही पुढे लिहिलं आहे.

पहिलं काम: तारखांची वही

सरकारी कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते तशी एक घरात ठेवा. कागदाची चालेल, एक्सेलची चालेल. रकाने पाच पुरेत: काय झालं, कुणाकडून आलं, कोणत्या तारखेला, उत्तराची शेवटची तारीख, पोच क्रमांक. क्लेम, नोटीस, ईमेल, केबलवाल्याकडे केलेली तक्रार, आरटीआय अर्ज, सगळं यातच. शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधीचा गजर मोबाइलवर लावा. पोच क्रमांकाचा रकाना कधीच रिकामा सोडू नका. पुढच्या प्रत्येक अपिलात पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरं काम: स्वतःचं घर

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी मुंबईत 'मूकनायक' सुरू केलं. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. 'केसरी'नं मात्र 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, असं बाबासाहेबांनीच नंतर लिहून ठेवलं आहे. आपलं म्हणणं छापायचं की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नये म्हणून त्यांनी स्वतःचं पत्र काढलं. आज आपण सगळं लिखाण, सगळा आवाज दुसऱ्याच्या जागेत ठेवतो आणि ती जागा आपलीच आहे असं धरून चालतो.

म्हणून एक डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. डॉट इन घ्या, हवं तर देवनागरीत डॉट भारत घ्या, ती सोय २०१४ पासून आहे. नूतनीकरणाची तारीख वहीत लिहा. डोमेन वेब डिझायनर मित्राच्या नावावर ठेवू नका. मैत्री टिकते, पासवर्ड टिकत नाही. पॉडकास्ट असेल तर आरएसएस फीड, म्हणजे नवे भाग श्रोत्यांच्या ॲपपर्यंत पोहोचवणारी लिंक, तुमच्या डोमेनवरून जाऊ द्या, म्हणजे उद्या होस्टिंग बदललं तरी श्रोते तुटत नाहीत. वाचकांचे ईमेल त्यांच्या संमतीनं गोळा करा. फॉलोअरचा आकडा कंपनीकडे असतो, ईमेलची यादी तुमच्याकडे असते. माझ्या यादीत फक्त चारशे जण आहेत, पण चॅनल आठवडाभर बंद होतं तेव्हा मी त्यांच्यापर्यंतच पोहोचू शकले.

मूळ फायली दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं असू द्या. पावसाळ्यात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरतं आणि तेव्हा हार्डडिस्क कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते, हे मी दोनदा पाहिलंय. गूगल टेकआउटमधून स्वतःचे अपलोड केलेले व्हिडिओ दर तीन महिन्यांनी उतरवून घ्या.

तिसरं काम: पुरावा

नुसता स्क्रीनशॉट कमी पडतो. पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग, आलेला मूळ ईमेल डिलीट न करता, आणि शक्य असेल तर ते पान वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या साइटवर जतन करून त्याची लिंक, एवढं ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. फाइल मिळाल्याच्या दिवशीच हॅश काढून वहीत लिहिलात तर नंतर कुणी फेरफाराचा आरोप केला तरी उत्तर तयार असतं.

चौथं काम: कॉपीराइटचा क्लेम आला तर

यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्या ओळखीच्या छोट्या मराठी निर्मात्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला याचा फटका बसलाय आणि निम्म्यांनी हरकतच भरलेली नाही.

आधी क्लेम आणि स्ट्राइक यातला फरक ओळखा. यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आवाज आणि चित्र जुळवते आणि आपोआप क्लेम लावते. त्यात व्हिडिओ राहतो, कमाई दुसऱ्याकडे जाते किंवा काही देशांत तो दिसेनासा होतो. स्ट्राइक म्हणजे कुणीतरी व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर मागणी केली आणि ती मान्य झाली. एक स्ट्राइक ९० दिवस राहतो. त्या काळात तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं.

क्लेमवर हरकत, म्हणजे डिस्प्यूट, भरलात की दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्यानं दावा कायम ठेवला तर तुम्ही अपील करू शकता आणि तिथे त्याला ७ दिवस असतात. अपीलही त्याला मान्य नसेल तर तो टेकडाउनची, म्हणजे व्हिडिओ काढून टाकण्याची, मागणी करू शकतो, म्हणजे स्ट्राइकचा धोका तिथून सुरू होतो. स्ट्राइक आल्यावर प्रतिनोटीस देता येते. मग दावेदाराला अमेरिकी कामकाजाचे १० दिवस असतात. त्यात त्यानं कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ सहसा परत येतो. प्रतिनोटिशीत तुमचं खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो दावेदारापर्यंत जातो. ज्यांना घरचा पत्ता उघड होणं धोक्याचं आहे त्यांनी वकिलामार्फत द्यावी.

आता मुख्य गोष्ट: तुमची बाजू खरी आहे का? गाण्यात एकच हक्क नसतो. शब्दांचा वेगळा, चालीचा वेगळा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण त्याच अभंगाला विसाव्या शतकातल्या संगीतकारानं दिलेली चाल त्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं त्याची किंवा त्याच्या वारसांची असते. ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीपासून ६० वर्षं. म्हणून "अभंग तर जुनाच आहे" एवढं म्हणून भागत नाही. आमच्या प्रकरणात चाल वारकऱ्यांची पारंपरिक होती आणि मुद्रण माझं होतं, म्हणून आमची बाजू भक्कम होती. रेडिओवर गाजलेल्या चालीवर आम्ही गायलो असतो, तर मी हे असं ठामपणे लिहू शकले नसते.

समीक्षा, परीक्षण आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी दुसऱ्याच्या कृतीतला भाग वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. "दहा सेकंद चालतात" असं जो तो सांगतो, पण कायद्यात सेकंदांचा आकडा कुठेही नाही. वापर कशासाठी केला, किती केला, त्यानं मूळ कृतीच्या बाजारावर परिणाम होतो का, हे पाहिलं जातं. तुमच्या व्हिडिओत त्या तुकड्यावर तुम्ही प्रत्यक्ष काही बोलत असाल तर बाजू बळकट. नुसता पार्श्वभूमीला वाजत असेल तर नाही.

हरकतीचा मजकूर राग बाजूला ठेवून लिहा. माझा असा होता: "हे ध्वनिमुद्रण मी स्वतः अमुक तारखेला लालबाग, मुंबई इथे केलं आहे. शब्द संत तुकारामांचे, सतराव्या शतकातले. चाल पारंपरिक, कोणत्याही एका संगीतकाराची नाही. गायक-वादकांची लेखी संमती माझ्याकडे आहे. आपल्या नेमक्या कोणत्या ध्वनिमुद्रणाशी आणि कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत साम्य आहे ते कळवावं." याचं इंग्रजी भाषांतर खाली जोडलं, कारण वाचणारा माणूस कुठल्या शहरात बसलाय हे आपल्याला माहीत नसतं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. यंत्रानं लावलेल्या दाव्याला माणसाला उत्तर द्यायला लावणारं तेच आहे. आणि हो, गायकांची संमती लेखी घ्या, नात्यातले असले तरी. एका कागदावर सहा सह्या, तारीख, बस.

भारतीय कायद्यातही दोन आयुधं आहेत, त्यांचा उल्लेख फार कमी जण करतात. कॉपीराइट नियम २०१३ मधला ७५वा नियम म्हणतो की तक्रार योग्य वाटली तर मजकूर साठवणाऱ्यानं तो ३६ तासांत बंद करावा, पण तक्रारदारानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. आणि कलम ६० प्रमाणे, निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्ही स्वतः कोर्टात जाऊन भरपाई मागू शकता. मोठ्या कंपनीला उत्तर देताना या दोन क्रमांकांचा नुसता उल्लेख असला तरी पत्राचा सूर बदलतो.

पाचवं काम: प्लॅटफॉर्मनं स्वतःहून उतरवलं, किंवा सरकारच्या सांगण्यावरून

कॉपीराइट सोडून इतर कारणांसाठी पोस्ट काढली गेली, खातं गोठवलं गेलं, तर आधी त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. २०२१ च्या आयटी नियमांनी हा अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. मूळ नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल असं होतं. नंतर दुरुस्त्या होत गेल्या, म्हणून अर्जाच्या दिवशी चालू नियम उघडून मुदत तपासा आणि वहीत तीच लिहा. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. अर्ज पूर्ण ऑनलाइन आहे, फी नाही. या समित्या २०२३ मध्ये सुरू झाल्या. त्या सरकारनंच नेमलेल्या आहेत, त्यामुळे मजकुरावर सरकारचा आक्षेप असेल तेव्हा त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण खातं चुकून बंद झालंय, हॅक झालंय, अशा प्रकरणांत जरूर जा.

सरकारी आदेशाचे दोन रस्ते आहेत. एक, आयटी कायद्याचं कलम ६९अ आणि २००९ चे ब्लॉकिंग नियम: यात समिती असते, लेखी कारणं असतात, पण नियम १६ सगळं गोपनीय ठेवायला सांगतो. दुसरा, कलम ७९(३)(ब) खालची सूचना, जी आता गृह मंत्रालयाच्या 'सहयोग' पोर्टलवरून जाते. या दुसऱ्या रस्त्याला एक्स कंपनीनं दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. दुसऱ्या रस्त्यात पहिल्यासारखं संरक्षण नाही, ही माझी मोठी काळजी आहे. तुम्हाला कंपनीचा ईमेल आला तर परत विचारा: आदेश कोणत्या कलमाखाली, कोणत्या कार्यालयाचा, कोणत्या तारखेचा, प्रत द्याल का? प्रत मिळाली नाही तरी हा प्रश्न विचारल्याची नोंद पुढे कोर्टात उपयोगी पडते.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर सांगते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं आयटी कायद्याचं कलम ६६अ, ऑनलाइन मजकुरासाठी तुरुंगात टाकणारं, रद्द केलं. २०२१ च्या नियमांतला डिजिटल बातमी-माध्यमांच्या आचारसंहितेचा नियम ९(१) आणि ९(३) मुंबई उच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२१ ला स्थगित केला. केंद्राच्या कारभाराबद्दलची कोणती बातमी खोटी हे सरकारच ठरवणार, अशी तथ्यतपासणी विभागाची तरतूद २०२३ मध्ये आली. कुणाल कामरा यांच्या आणि इतरांच्या याचिकांवर दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, प्रकरण तिसऱ्याकडे गेलं आणि न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. म्हणजे मुंबईत बसून लढता येतं.

वकिलाच्या फीची भीती असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मुंबई शहर आणि उपनगर दोन्हीकडे जिल्हा प्राधिकरणं आहेत. इंटरनेटच्या प्रकरणांत मुरलेल्या संस्था बहुतेक दिल्लीत आहेत, इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन आणि एसएफएलसी डॉट इन या त्यांतल्या दोन. त्यांना लिहिताना पाच ओळींत प्रकरण, तारखा आणि पुराव्याच्या लिंका द्या.

सहावं काम: साइट उघडत नसेल तर

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून आलेल्या केबल्स जमिनीवर चढतात आणि देशाचं बरंचसं इंटरनेट तिथून आत येतं. पण अडवणूक होते ती त्याच्या पुढे, तुमच्या मोबाइल कंपनीकडे किंवा गल्लीतल्या केबलवाल्याच्या मागे असलेल्या कंपनीकडे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई एटीएसच्या अर्जावर एस्प्लनेड कोर्टानं दिलेल्या आदेशावरून ३२ साइट बंद झाल्या आणि त्यांत गिटहब, व्हिमिओ, पेस्टबिन, इंटरनेट आर्काइव्ह असे लाखो लोकांच्या रोजच्या कामाचे पत्ते होते. ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या पायरसीवरच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशात पुन्हा आर्काइव्ह सापडलं. याउलट जुलै २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी अख्ख्या साइट बंद करायला नकार देऊन नेमक्या लिंका तपासून आणायला सांगितलं होतं. तुम्ही हरकत लिहाल तेव्हा या शेवटच्या आदेशाचा आधार घ्या.

तपासणी सोपी आहे. तोच पत्ता घरच्या वायफायवर, मग मोबाइल डेटावर, मग दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडून पाहा. मी सकाळच्या दादर लोकलमध्ये मैत्रिणींचे तीन वेगवेगळे फोन घेऊन हे केलंय. मग ऊनी प्रोब हे मोफत ॲप चालवा. ते अडवणूक डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत, आहे की पुढे, हे सांगतं. त्याचे निकाल नेटवर्कच्या नावासह जाहीर होतात, हे आधी वाचून मगच वापरा. ठरावीक सेवाच संथ होतेय असा संशय असेल तर वेही हे ॲप आहे.

मग इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे तक्रार, तिचा डॉकेट (तक्रार) क्रमांक, समाधान नाही तर ३० दिवसांत त्यांच्याच अपील प्राधिकरणाकडे. तिथे अपील निकाली काढायला ३९ दिवसांची मुदत आहे. सोबत केंद्राच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे. तक्रारीत लिहा की २०१८ मध्ये परवान्याच्या अटींत बदल करून मजकूर अडवणं, संथ करणं किंवा ठरावीक मजकुराला जादा वेग देणं यावर बंदी घातलेली आहे. आणि ८ फेब्रुवारी २०१६ च्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, विनियमाप्रमाणे मजकुरानुसार वेगळा दर लावल्यास कंपनीला दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड आहे.

सातवं काम: आरटीआय

दहा रुपये, ३० दिवस, उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. केंद्राचं आणि महाराष्ट्राचं ऑनलाइन पोर्टल वेगवेगळं आहे. मुंबई पोलिसांकडून माहिती हवी तर महाराष्ट्राचं, मंत्रालयाकडून म्हणजे दिल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडून हवी तर केंद्राचं. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, हे विसरलात तर अर्ज परत येतो. "का बंद केलं?" असं विचारू नका. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या कार्यालयानं मध्यस्थ कंपन्यांना पाठवलेल्या सूचनांची महिन्यानुसार संख्या" असं विचारा. मध्यस्थ म्हणजे यूट्यूब, फेसबुकसारख्या कंपन्या. कारण नाकारता येतं, संख्या नाकारणं अवघड जातं. इंटरनेट बंदीच्या आदेशांबद्दल विचारताना १० जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल उद्धृत करा. बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असं त्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे.

आठवं काम: हरकती आणि सूचना

नाक्यावरच्या रस्तारुंदीकरणाला हरकत नोंदवायची आपल्याला सवय आहे. इंटरनेटच्या नियमांवरही ती नोंदवता येते, आणि इथेच सगळ्यात मोठं काम होतं.

२७ मार्च २०१५ ला ट्रायनं ११८ पानांचं सल्लामसलत पत्र काढलं, त्यात २० प्रश्न होते. नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे नेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक देण्याच्या, बाजूनं दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्या ईमेलांत तयार मजकूर होता, पण वीसही प्रश्नांची उत्तरं होती. डिसेंबर २०१५ च्या दुसऱ्या पत्रात चारच प्रश्न होते. फेसबुकनं फ्री बेसिक्स या ठरावीक साइट फुकट दाखवणाऱ्या योजनेसाठी पानभर जाहिराती दिल्या आणि वापरणाऱ्यांकडून लाखो ईमेल पाठवून घेतले. ट्रायनं जानेवारी २०१६ मध्ये लिहून कळवलं की त्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. काही आठवड्यांतच निर्णय फ्री बेसिक्सच्या विरोधात गेला. आपल्यासाठी यातून एवढंच घ्या: विचारलेल्या प्रश्नाला, त्याच्या क्रमांकासह, उत्तर द्या. मंत्र्याला आवाहन, देशाचं भवितव्य वगैरे नको.

माझी हरकत चार परिच्छेदांची असते. प्रश्न क्रमांक. मी कोण आणि माझं काम काय. या तरतुदीनं माझ्या कामाचं नेमकं काय होईल. आणि मसुद्यात कोणत्या शब्दांऐवजी कोणते शब्द हवेत. उदाहरणार्थ, दूरसंचार कंपन्या अनेक वर्षं मागताहेत की जास्त डेटा वापरणाऱ्या सेवांनी त्यांना वाटा द्यावा. यावर मी असं लिहीन: "मी मराठीत लोककलेचे व्हिडिओ करते. प्रेक्षक डेटाचे पैसे आधीच भरतात. सेवांकडून पुन्हा आकार घेतला तर तो बोजा छोट्या निर्मात्यांवर येईल. दक्षिण कोरियात नेटवर्कच्या शुल्कामुळे ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सेवा बंद केली. म्हणून असा आकार लावू नये." माझ्या तोंडचं एक वाक्य, बाहेरचं एक उदाहरण, एक मागणी.

पाठवण्याआधी हे करा. वेगळा ईमेल पत्ता वापरा आणि मजकुरात फोन नंबर घालू नका. एप्रिल २०१५ मध्ये ट्रायनं आलेल्या सगळ्या प्रतिक्रिया पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकल्या होत्या. मराठीत लिहा आणि वर अर्ध्या पानाचा इंग्रजी सारांश द्या. मसुदा फक्त इंग्रजीत असेल तर मराठी अनुवाद आणि मुदतवाढ, दोन्ही लेखी मागा. पर्यावरण अधिसूचनेच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं जून २०२० मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत अनुवाद करायला सांगितलं होतं, त्याचा दाखला द्या. मुदत ३० दिवसांपेक्षा कमी असेल तर २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणाकडे बोट दाखवा.

प्रसारण सेवा विधेयकाचं उदाहरण लक्षात राहू द्या. १० नोव्हेंबर २०२३ च्या मसुद्यात ऑनलाइन बातम्या आणि चालू घडामोडींवर बोलणाऱ्या व्यक्तींनाही नियमनात ओढलं होतं. २०२४ च्या जुलैत पुढचा मसुदा निवडक लोकांनाच दाखवला गेला. ओरड झाली, ऑगस्टमध्ये मंत्रालयानं पाऊल मागे घेतलं आणि सूचनांची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. त्या वाढीव मुदतीत आमच्या गटानं सात हरकती पाठवल्या. एक आमच्या पखवाजवाल्या काकांची होती, हातानं लिहून स्कॅन केलेली, आणि माझ्या मते सातांत सगळ्यात चांगली तीच होती, कारण त्यांनी "मी कार्यक्रम प्रसारित करणारा आहे की नाही, हे या व्याख्येवरून मला कळत नाही" एवढंच विचारलं होतं.

नववं काम: गट

एकट्यानं ११८ पानं वाचून होत नाहीत. सहा-सात जण पुरे. रविवारी दुपारी दोन तास, कुणाच्या तरी घरी किंवा वाचनालयात. पानं वाटून घ्या, प्रत्येकानं आपल्या भागातल्या अडचणीच्या ओळी मराठीत सांगायच्या. एक जण फक्त तारखांची वही सांभाळतो. त्याला दुसरं काम देऊ नका. पैसे गोळा झाले तर हिशेब महिन्याला सगळ्यांना दाखवा. पक्षाचा किंवा कंपनीचा पैसा घेऊ नका. नाहीतर उद्या तुमची हरकत दुसऱ्या कुणाची तरी म्हणून मोडीत काढली जाईल.

मुंबईत लोकसभेचे सहा मतदारसंघ आहेत. अधिवेशन सुरू व्हायच्या महिनाभर आधी आपल्या खासदाराला एक पान द्या आणि त्यात लेखी प्रश्नाचा तयार मसुदा ठेवा. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन लागल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो. माध्यमांच्या मालकीवर ट्रायनं १२ ऑगस्ट २०१४ ला शिफारशी दिल्या होत्या आणि राजकीय संस्थांना प्रसारणातून दूर ठेवा असं त्यात होतं. "त्या शिफारशींवर काय कार्यवाही झाली?" हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

दहावं काम: प्रतिहरकती आणि खुली चर्चा

ट्रायच्या प्रक्रियेत हरकतींची मुदत संपली की सगळ्यांच्या प्रतिक्रिया प्रसिद्ध होतात आणि त्यांना उत्तर द्यायला सहसा दोन आठवडे मिळतात. बहुतेक नागरिक इथे गळतात, दूरसंचार कंपन्यांचे वकील गळत नाहीत. म्हणून मोठ्या कंपन्यांच्या दोन-तीन प्रतिक्रियाच निवडा, त्यातला एकेक दावा उचला आणि त्याच परिच्छेदाचा क्रमांक देऊन उत्तर लिहा. त्यानंतर खुली चर्चा होते. नावनोंदणीची तारीख वहीत घ्या. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात एकच मुद्दा होतो. आधी प्रश्न क्रमांक सांगायचा, मग स्वतःचं काम, मग मागणी. जे बोललात ते त्याच रात्री ईमेलनं लेखी पाठवा आणि पोच आली की शेवटचा रकाना भरा.